परभाषेंतील नाटक आणि घरचा प्रेक्षक

परक्या भाषेंतील नाटक आपल्या घरीं येतें तेव्हां तें जसेंच्या तसें येतें काय, हा प्रश्न मराठी रसिकाला अगदींच नवा नाहीं. गोपाळ गणेश आगरकर यांनीं शेक्सपिअरचें 'हॅम्लेट' १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणिलें. गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. परक्या नाटकास मराठी वेष चढविण्याचें काम नाटककारानें प्रेक्षकाच्या आधींच उरकलेलें असे. प्रेक्षक नाट्यगृहांत येऊन बसे तेव्हां त्याच्यापुढें व्हेनिसचा सेनापति नव्हे, तर झुंझाररावच उभा राही.

दूरचित्रवाणीनें ही व्यवस्था मोडली. परदेशांत तयार झालेली नाट्यमालिका तिच्या मूळच्या नटांसह, मूळच्या वेषासह आणि पुष्कळदां मूळच्या भाषेसह थेट माजघरांत येऊं लागली. पात्रें आपल्या भाषेंत बोलतात, पडद्याच्या तळाशीं भाषांतराच्या दोन ओळी उमटतात, आणि घरचीं माणसें जेवतां जेवतां तीं वाचतात. मध्यें रूपांतरकार उरला नाहीं. मग रूपांतर होतच नाहीं काय? होतें, परंतु तें आतां प्रेक्षकाच्या मनांत होतें. तें कसें होतें आणि कोण कोणत्या रीतीनें करतो, हें तपासून पाहणें हा माध्यमविद्या नांवाच्या नव्या अभ्यासशाखेंतील एक महत्त्वाचा विषय झाला आहे. त्या अभ्यासाचा परिचय श्रोत्यांस करून देणें हा प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे.

आरंभीं या विषयाकडे पाहण्याची दृष्टि भीतीची होती, आणि ती भीति निराधार नव्हती. १९६९ सालीं हर्बर्ट शिलर या अमेरिकन प्राध्यापकानें आपल्याच देशाच्या प्रसारणव्यवसायावर एक कठोर ग्रंथ लिहिला. व्यापार, सैन्य आणि प्रसारण हीं तिन्ही परस्परांच्या आधारानें जगभर पसरत आहेत, असा त्याचा मथितार्थ होता. पुढें १९७४ सालीं कार्ले नॉर्देनस्ट्रेंग व तापिओ वारिस या फिनलंडमधील संशोधकांनीं युनेस्कोसाठीं सुमारें पन्नास देशांच्या कार्यक्रमांची छाननी केली. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांची वाहतूक मुख्यतः एकाच दिशेनें चालते, असें त्यांना आढळून आलें. याचें कारण साध्या हिशेबाचें होतें. स्वतःचें नाटक रचावयाचें तर लेखक, नट, नेपथ्य, यंत्रसामग्री यांचा खर्च आला. ज्याचा खर्च अमेरिकेंतच वसूल झाला आहे असें तयार नाटक मात्र त्याच्या अल्पांश किमतींत विकत मिळे. लहान देशाच्या प्रसारणसंस्थेस हा मोह टाळणें कठीण होतें.

या भीतीला मूर्त रूप आलें तें 'डॅलस' या मालिकेमुळें. अमेरिकेंतील सीबीएस या वाहिनीवर २ एप्रिल १९७८ रोजीं तिचा आरंभ झाला व ३ मे १९९१ रोजीं ती संपली. टेक्सस राज्यांतील युइंग नांवाचें तेलाच्या व्यापारांत गबर झालेलें कुटुंब. साउथफोर्क या विस्तीर्ण शिवारावरील एकाच वाड्यांत राहणारे आईबाप, मुलगे व सुना. आणि बार्न्स घराण्याशीं चालत आलेलें वैर, अशी तिची उभारणी होती. थोरला मुलगा जे. आर. हा कपटी व निर्दय. त्याची पत्नी स्यू एलन दुःखी व मद्याच्या आहारीं गेलेली. धाकटा बॉबी सरळ मनाचा, पण त्यानें बायको करून आणिली ती वैऱ्याच्या घरची पामेला. १९८० च्या मार्चमध्यें जे. आर.वर कोणीतरी गोळी झाडली. ती कोणी झाडली हें नोव्हेंबरपर्यंत गुलदस्तांत राहिलें, आणि तोंवर देशोदेशींचे लोक तर्क लढवीत बसले. नव्वदांहून अधिक देशांत ही मालिका पोहोचली. फ्रान्सचे त्या वेळचे सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनीं तर तिला अमेरिकन सांस्कृतिक साम्राज्यवादाचें प्रतीकच ठरविलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मालिका किती देशांत गेली, किती तास दाखविली गेली, तिला किती पैसे पडले, हें सर्व मोजतां येत होतें व मोजलेंही जात होतें. परंतु घरीं बसून ती पाहणाऱ्या माणसाला तींत काय दिसलें, हें विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नव्हती. पेटी परगांवीं पोहोचली म्हणजे आंतला मालही तसाच पोहोचला, असें गृहीत धरण्यांत आलें होतें.

वास्तविक विचारण्याचा हा मार्ग नभोवाणीच्या काळांतच एकदां चोखाळला गेला होता. हेर्टा हेर्झोग या विदुषीनें न्यूयॉर्क परिसरांतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन, नभोवाणीवरील रोजच्या कथामालिका त्या कशासाठीं ऐकतात याविषयीं १९४१ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. कोणास मनमोकळें रडावयास मिळे, कोणास आपलें अपुरें राहिलेलें सुख तेथें पुरें झालेलें दिसे, तर कोणी संसारांतील अडचणींवर तोडगा शोधी. पुढें १९७३ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठांत स्टुअर्ट हॉल यांनीं एक सिद्धांत मांडला. कार्यक्रम करणारा त्यांत एक अर्थ गुंफतो. पाहणारा तो उकलतो. परंतु गुंफणें व उकलणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पाहणारा सांगितलेला अर्थ मान्य करील, कांहीं अंशीं मान्य करील, किंवा साफ उलटवून टाकील. सिद्धांत मांडला गेला. आतां परभाषेंतील नाटकावर तो लावून पाहणें शिल्लक होतें.

त्या दिशेचें पहिलें मोठें पाऊल हॉलंडमध्यें पडलें. तेथें 'डॅलस' इंग्रजींतच, डच ओळींसह दाखविली जाई. इएन आंग या तरुण अभ्यासिकेनें एका डच महिला-नियतकालिकांत एक छोटीशी जाहिरात दिली. आपणांस ही मालिका पाहणें आवडतें, परंतु त्यावर लोक चमत्कारिक बोलतात. ती आवडण्याचें वा न आवडण्याचें कारण कोणी लिहून कळवील काय, असा तिचा आशय होता. उत्तरादाखल ४२ पत्रें आलीं. तीन वगळतां सर्व स्त्रियांचीं व मुलींचीं होतीं. एवढ्या पत्रांवर तिनें १९८२ सालीं एक पुस्तक लिहिलें. १९८५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें व तें या विद्याशाखेंत प्रमाण मानलें जाऊं लागलें.

पत्रांतून दोन गोष्टी पुढें आल्या. पहिली अशी कीं, साउथफोर्कचें ऐश्वर्य कोणी खरें मानीत नव्हतें, तरीही मालिका पुष्कळांना खरी वाटत होती. वाडा खोटा, मोटारी खोट्या. पण सुख हातीं येतां येतां निसटणें, जवळच्या माणसानेंच दगा देणें, भांडणानंतर पुन्हां त्याच घरांत राहणें, हें खरें. यास आंग हिनें भावनेच्या पातळीवरचा वास्तववाद असें म्हटलें. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्यांना मालिका आवडत नव्हती त्यांच्या पत्रांत आत्मविश्वास होता. हें हलकें, बाजारी, परदेशी खूळ आहे, असें म्हणण्यास लागणारे शब्द त्यांना आयते मिळाले होते. ज्यांना ती आवडत होती त्यांच्यापैकीं कांहीं जण थट्टेचा आव आणून पाहत, तर कांहीं जण ओशाळल्यासारखे लिहीत. आपल्या आवडीचें समर्थन करावयास त्यांच्याजवळ भाषाच नव्हती. अभ्यासकांनीं प्रेक्षकाला विचारलें नाहीं एवढेंच नव्हे, तर विचारल्यावर त्यानें बोलूं नये अशीही तजवीज समाजानें करून ठेविली होती.

याहून विस्तृत काम जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठांतील तामार लीब्स व एलिहू कात्झ यांनीं केलें. त्यांचा ग्रंथ १९९० सालीं प्रसिद्ध झाला. इस्रायलांत 'डॅलस' इंग्रजींत, हिब्रू व अरबी ओळींसह दाखविली जाई. एकच चित्र निरनिराळ्या देशांतून आलेल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या घरांत पोहोचे. संशोधकांनीं चार समाज निवडले: इस्रायलांतील अरब, मोरोक्कोहून आलेले यहुदी, रशियांतून नुकतेच आलेले यहुदी, आणि किब्बुत्झ नांवाच्या सामुदायिक वसाहतींत राहणारे. तुलनेसाठीं अमेरिकेंतील लॉस एंजलिस येथील प्रेक्षकही घेतले. पद्धति अशी कीं, एका जोडप्यानें आपल्या ओळखीचीं आणखी दोन जोडपीं घरीं बोलवावयाचीं. सहा जणांनीं मिळून एक भाग पाहावयाचा व मग त्यावर बोलावयाचें. हें संभाषण ध्वनिमुद्रित केलें जाई. पहिला प्रश्न अगदीं साधा होता: ज्यानें हा भाग पाहिला नाहीं त्याला तुम्ही तो कसा सांगाल?

कोणत्याही शिक्षकास ठाऊक असतें कीं, मुलाला गोष्ट किती कळली हें पाहावयाचें तर ती त्याच्याच शब्दांत सांगावयास लावावी. येथें तेंच झालें, आणि एकच गोष्ट तीन तऱ्हांनीं सांगितली गेली. अरब व मोरोक्कन मंडळींनीं कथा आरंभापासून शेवटापर्यंत ओळीनें सांगितली. कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाचा वारसा, यांवर त्यांचा भर होता, आणि पात्रांचा उल्लेख नांवापेक्षां नात्यानें करण्याकडे त्यांचा कल होता. अमेरिकन व किब्बुत्झमधील मंडळींनीं कथेचा क्रम सोडून एकेक पात्र उचललें व त्याच्या मनांत काय चाललें असेल याची चर्चा केली. नटाचें काम व लेखकाच्या युक्त्या यांवरही तीं बोललीं. रशियांतून आलेल्यांनीं कथा जवळजवळ बाजूस ठेवून तिचें तात्पर्य काय आणि तें कोणाच्या सोयीचें आहे, हें विचारलें. ज्या राज्यांत प्रत्येक छापील ओळीमागचा हेतु शोधावा लागे तेथें त्यांचें आयुष्य गेलें होतें. ती संवय टेक्ससच्या तेलविहिरीपर्यंत त्यांच्यासवें आली.

एका भागांत स्यू एलन तान्ह्या मुलास घेऊन नवऱ्याचें घर सोडते व आपल्या पूर्वीच्या प्रियकराच्या आणि त्याच्या वडिलांच्या घरीं जाऊन राहते. हा प्रसंग सांगतांना अरब प्रेक्षकांच्या एका गटानें सांगितलें कीं, ती आपल्या वडिलांच्या घरीं गेली; मराठींत बोलावयाचें तर माहेरीं गेली. एखाद्या घाईच्या परीक्षकानें तेथें लाल रेघ ओढली असती. परंतु ही चूक चुकीपेक्षां अधिक कांहीं आहे. नवऱ्याशीं न पटलेल्या स्त्रीनें मूल घेऊन जावयाचें तें बापाच्या घरीं. परपुरुषाचा बाप तिला आपल्या घरांत थारा देतो ही गोष्ट त्यांच्या जगांत बसत नव्हती. डोळ्यांनीं एक पाहिलें, मनानें तें दुरुस्त करून घेतलें. देवलांनीं लेखणीनें जें काम केलें असतें तें येथें सहा माणसांनीं नकळत केलें.

या अभ्यासानें भीतीचें पुष्कळसें निरसन झालें. परकें नाटक पाहून माणसें परकीं होतात असें दिसलें नाहीं. उलट कित्येकांना आपलेपणाची अधिक जाणीव झाली. एका धर्मनिष्ठ यहुदी प्रेक्षकानें तर युइंगांच्या घरांतील गोंधळ पाहून आपल्या वांट्यास आलेलें जीवनच धन्य मानिलें. परंतु लीब्स व कात्झ एवढ्यावर थांबले नाहींत, आणि त्यांच्या कामाचा खरा मोठेपणा यांत आहे. प्रत्येक तऱ्हेच्या प्रेक्षकाची ढाल कोठें दुबळी आहे तेंही त्यांनीं पाहिलें. जो नीतीच्या दृष्टीनें धिक्कार करतो, तो धिक्कार करतांना चित्र खरें धरून चालतो. अमेरिकन माणसें अशींच असतात अशी त्याची खात्री होऊन बसते. जो हें सारें खेळ म्हणून पाहतो, तो खेळतां खेळतां बेसावध होतो. आणि जो प्रत्येक ठिकाणीं छुपा हेतु शोधतो, तो सांगितलेल्याच्या नेमकें उलट तेंच खरें असें समजून बसण्याचा संभव असतो. सर्व बाजूंनीं सुरक्षित असा प्रेक्षक कोठेंच आढळला नाहीं.

नाटकाचें अपयशही बोलकें असतें. जगभर गाजलेली 'डॅलस' जपानांत मात्र रुजली नाहीं. कांहीं महिन्यांतच ती बंद पडली. त्याच संशोधकांनीं जपानी प्रेक्षकांना बोलतें केलें. त्यांच्या डोळ्यांपुढें स्वतःच्या देशांतील कौटुंबिक नाटकांचा नमुना होता, ज्यांत भांडणें होतात, पण शेवटीं घर पुन्हां एकत्र बसतें. 'डॅलस'मधील न मिटणारा कलह त्यांना विसंगत वाटला. प्रत्येक प्रेक्षक परकें नाटक आपल्या घरच्या नाटकाशेजारीं ठेवून पाहतो. घरचें नाटक जेथें सकस आहे तेथें परक्याला सहजीं प्रवेश मिळत नाहीं.

यावरून, प्रेक्षक स्वतंत्र आहे, तेव्हां बाहेरून काय येतें याची चिंता नको, असा निष्कर्ष काढणारेही निघाले. तो घाईचा होय. ताटांत वाढलेलें अन्न कसें खावें हें खाणाऱ्याच्या हातीं असलें तरी ताटांत काय वाढावें हें त्याच्या हातीं नसतें. परक्या मालिकेचा अर्थ प्रेक्षकानें कितीही आपलासा केला तरी त्या वेळेंत जें स्वभाषेंतील नाटक झालें असतें तें झालें नाहीं, ही उणीव उरतेच. म्हणूनच युरोपीय राष्ट्रांनीं १९८९ सालीं प्रसारणाचा अधिकांश वेळ शक्य तेथवर युरोपीय कार्यक्रमांस द्यावा असा नियम केला. आणि मागणीनुसार चित्रें पुरविणाऱ्या संस्थांच्या संग्रहांत किमान ३० टक्के युरोपीय कृति असाव्यात असें २०१८ सालीं ठरविलें. प्रेक्षकाचें स्वातंत्र्य आणि देणाऱ्याची सत्ता या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत. एकीचा अभ्यास करून दुसरीवर मत देतां येत नाहीं.

पुढें ही वाहतूक एकाच दिशेची राहिली नाहीं. एका दरिद्री मुलीची जीवनकथा सांगणारी 'ओशिन' ही जपानी मालिका १९८३-८४ सालीं झाली व अनेक देशांत गेली. इराणांत ती फारच लोकप्रिय झाली. १९८९ च्या जानेवारींत तेथील नभोवाणीवर एका स्त्रीनें, पैगंबरकन्या फातिमा यांच्यापेक्षां आपणांस ओशिनचा आदर्श जवळचा वाटतो असें सांगितलें. त्यावरून आयातुल्ला खोमेनी संतप्त झाले. कार्यक्रमाशीं संबंधित अधिकाऱ्यांस शिक्षा फर्मावण्यांत आली, आणि मग त्यांना माफी मिळाली. मालिकेंत राज्यकर्त्यांना आक्षेपार्ह वाटावें असें कांहीं नव्हतें; प्रेक्षिकेच्या उत्तरांत होतें. प्रेक्षकाला काय वाटतें हा प्रश्न निव्वळ विद्वानांच्या करमणुकीचा नाहीं, हें एवढ्यावरून दिसून येईल.

२००३ सालीं कोरियांतील 'विंटर सोनाटा' जपानी दूरचित्रवाणीवर आली, आणि मध्यमवयीन जपानी स्त्रिया तिच्यांतील स्थळें पाहण्यास कोरियाला जाऊं लागल्या. २०११ सालीं डॅनिश भाषेंतील एक गुन्हेशोधाची मालिका इंग्रज प्रेक्षकांनीं, इंग्रजी ओळी वाचीत, आवडीनें पाहिली. २००८ सालीं तुर्की भाषेंतील 'ग्युमुश' अरब देशांत 'नूर' या नांवानें आली. तिचे संवाद ग्रांथिक अरबींत नव्हे, तर सीरियांतील बोलीभाषेंत बोलविले होते, आणि नायक मेहमेत याचा मुहन्नद झाला होता. घरांत बोलली जाते ती बोली कानीं पडतांच परकीं पात्रें शेजारचीं झालीं. पुढें २०२१ सालीं कोरियन 'स्क्विड गेम' जगभर एकदमच पाहिली गेली, तेव्हां पडद्यावरील इंग्रजी ओळींत मूळचा अर्थ किती निसटतो यावर कोरियन जाणणाऱ्यांनीं जाहीर वाद घातला. झुंझाररावाच्या काळचा रूपांतरकार नाहींसा झाला असें वाटत होतें. तो भाषांतरकाराच्या रूपानें परत आला आहे, फक्त त्याचें नांव कोणी वाचीत नाहीं.

हा विषय हातीं घेऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें कांहीं पथ्यें पाळणें इष्ट होय. प्रथम मूळ भाषा व तिचें भाषांतर हीं दोन्ही शेजारीं ठेवून पाहावीं. प्रेक्षकानें कोणत्या ओळी वाचल्या हें ठाऊक नसतां त्यानें अर्थ बदलला असें म्हणणें अन्यायाचें होईल. दुसरें, त्याच्याशीं त्याच्याच भाषेंत व त्याच्याच घरीं बोलावें; परक्या भाषेंत माणूस आपलें मत न देतां, येतील तेवढेच शब्द देतो. तिसरें, चारचौघांच्या बैठकींत मोठ्या आवाजाचा माणूस सर्वांचें मत ठरवितो, हें विसरूं नये. गप्प बसलेल्याकडे पुन्हां एकटें जावें. चौथें, अरब, रशियन, जपानी अशीं नांवें सोयीसाठीं असतात. एकाच घरांत सासू व सून एकच मालिका दोन रीतींनीं पाहत असतात. आणि शेवटचें, प्रेक्षकाची चूक सांपडली कीं लगेच दुरुस्त करूं नये. आधीं तिची नोंद करावी.

प्रेक्षकाला अजाण समजणें सोपें असतें, कारण मग त्याच्यासाठीं इतरांनीं निर्णय घेतले तरी चालतें. त्याला सर्वज्ञ समजणेंही तितकेंच सोपें, कारण मग त्याच्या ताटांत काय वाढलें जातें याची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं. या दोन सोप्या वाटा सोडून त्याच्या घरीं जाणें, शेजारीं बसून तोच भाग पाहणें आणि मग तो काय म्हणतो तें पुरतें ऐकून घेणें, ही वाट लांबची व कष्टाची आहे. कायदे करणारे, पैसे खर्चणारे आणि मुलांना शिकविणारे सर्वच या प्रेक्षकाच्या नांवानें बोलत असतात. त्यापूर्वीं त्याला एकदां विचारून पाहावें, एवढीच या विद्येची मागणी आहे.